स्व-ज्ञान (सामाजिक मानसशास्त्र)

स्व-ज्ञान : आपण कोण, कसे आहोत याची माणसाला होत जाणारी जाण. ती एकांतातल्या आत्मपरीक्षणातून जेवढी येते, त्याहून अधिक चारचौघांतल्या वावरातून येते, असे सामाजिक मानसशास्त्र मानते. चार्ल्स कूली यांनी 1902 मध्ये मांडले, की इतरांच्या नजरेत आपण कसे दिसत असू या कल्पनेतून स्वप्रतिमा आकारते. लिऑन फेस्टिंजर यांच्या सामाजिक तुलना सिद्धांतानुसार (1954) ठोस मोजमाप नसते तेथे माणूस इतरांशी तुलना करून स्वतःला जोखतो.

मात्र समाजाचा आरसाच वाकडा असेल तर? या प्रश्नाला भिडणारे ठळक मराठी उदाहरण बुलढाण्याचे आहे. तेथील ताराबाई शिंदे यांनी 1882 मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा निबंध प्रसिद्ध केला. सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला अर्भकहत्येबद्दल झालेली शिक्षा आणि त्यावरून स्त्रीजातीवर उठलेली टीकेची झोड हे त्याचे निमित्त. स्त्रीनिंदेच्या एका संस्कृत श्लोकातील संशय, साहस, कपट अशी दूषणे ताराबाई एकेक करून हाती घेतात आणि तीच पुरुषांच्या पदरात घालतात. दुसऱ्यांनी लादलेली ओळख पडताळून नाकारण्याचे हे धैर्य सिद्धांतांच्या कितीतरी आधीचे आहे. जोतीराव फुले यांनी ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची बाजू घेतली. पुढे विस्मरणात गेलेला हा निबंध स. गं. मालशे यांनी 1975 मध्ये पुन्हा प्रकाशात आणला.