भुकटी, प्रभार आणि एक खटला

दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारात ‘रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस’ हे दुकान दिल्ली विद्यापीठाच्या परवान्यावर १९९८ पासून चालत आलं. प्राध्यापकांनी नेमलेल्या वाचनातली प्रकरणं निरनिराळ्या पुस्तकांतून काढायची, एकत्र बांधायची आणि पानांच्या हिशेबाने विद्यार्थ्यांना द्यायची, हा तिथला धंदा. ऑगस्ट २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दुकान आणि विद्यापीठ दोघांनाही दिल्ली उच्च न्यायालयात खेचलं.

गंमत अशी, की ज्या यंत्रावरून हे रामायण घडलं ते शोधून काढलं बौद्धिक संपदेची राखण करणाऱ्या खात्यातल्याच एका माणसाने. चेस्टर कार्लसन न्यूयॉर्कमध्ये एका कंपनीच्या पेटंट विभागात नोकरीला होता. तपशिलांच्या नकला काढता काढता तो मेटाकुटीला आलेला. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी अस्टोरिया भागातल्या भाड्याच्या खोलीत त्याने आणि सहायक ओटो कॉर्नाय याने जस्ताच्या पत्र्यावर गंधकाचा थर दिला आणि तो रुमालाने खसाखसा घासला. तारीख आणि ‘अस्टोरिया’ हा शब्द शाईने लिहिलेली काच वर ठेवून दिव्याचा उजेड पाडला, मग काच काढून बारीक भुकटी भुरभुरली. फुंकर मारल्यावर बाकीची उडाली. अक्षरांपुरती तेवढी राहिली.

ती का राहिली? घासल्याने थरावर विद्युत प्रभार साठला होता. उजेड लागला तिथला प्रभार निघून गेला, अक्षरांच्या सावलीतला टिकला आणि त्याने भुकटी धरून ठेवली. केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो, तोच हा खेळ. सजातीय प्रभार एकमेकांना ढकलतात, विजातीय ओढतात. आणि अंतर दुप्पट झालं की हा जोर चौथाईवर येतो, हे फ्रान्सच्या कुलोंने १७८५ मध्ये पीळ पडणाऱ्या तारेच्या तराजूने मोजून दाखवलं होतं. पुढे गंधकाच्या जागी सेलेनियमचा ड्रम आला. त्याच्यावर धनप्रभार, टोनरवर ऋणप्रभार. मग कागदाला मागून त्याहून जोरकस धनप्रभार द्यायचा, की टोनर ड्रम सोडून कागदावर येतो. शेवटी उष्णतेने तो वितळवून पक्का करायचा. म्हणून तर नुकती निघालेली प्रत हाताला गरम लागते. या सगळ्याचा वैरी म्हणजे ओल. दमट कागदातून प्रभार झिरपून जातो आणि अक्षरं फिकी उठतात. दिल्लीत कॉलेजं उघडायची जुलैत, ऐन पावसाळ्यात!

कार्लसनला वीसहून अधिक कंपन्यांनी वाटेला लावलं. अखेर ‘झेरॉक्स ९१४’ हे यंत्र १६ सप्टेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात लोकांपुढे आलं. तिथे आणलेल्या दोन यंत्रांपैकी एकाने पेट घेतला, दुसऱ्याने लाज राखली. ‘झेरोस’ म्हणजे ग्रीकमध्ये कोरडं. कोरड्या लिखाणाचं हे नाव मराठीत इतकं मुरलं, की कुठल्याही कंपनीच्या यंत्रावर काढलेली प्रत आपल्याकडे झेरॉक्सच. भारतात ‘मोदी झेरॉक्स’ १९८३ मध्ये उभी राहिली. त्यातले भारतीय भागीदार, दिल्लीच्या शेजारचं मोदीनगर वसवणाऱ्या गुजरमल मोदींच्या घरातले.

प्रकाशकांच्या दाव्यावर ऑक्टोबर २०१२ मध्ये दुकानाला वाचनाचे असे गठ्ठे काढायला अंतरिम मनाई झाली. विद्यार्थ्यांनी संघटना काढून खटल्यात उडी घेतली. अमर्त्य सेन यांनी ऑक्सफर्डला फेरविचाराची विनंती केली. निकाल लागला १६ सप्टेंबर २०१६ रोजी. ‘झेरॉक्स ९१४’ लोकांपुढे आलं तीच तारीख, योगायोगाने. न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी आपल्या विद्यार्थिदशेची आठवण निकालपत्रातच नोंदवली. तेव्हा मुलं ग्रंथालयात बसून पानंच्या पानं हाताने उतरवून घेत. हाताने उतरवणं गैर नव्हतं, तर तेच काम यंत्राने केल्यावर गैर कसं ठरेल, असा त्यांचा रोख. स्वामित्व हक्क कायद्यातल्या शिक्षणासाठीच्या सवलतीत त्यांनी हे बसवलं आणि दावा फेटाळला.

प्रकाशकांच्या अपिलावर डिसेंबरमध्ये खंडपीठाने सवलतीचा हाच अर्थ कायम ठेवला. मात्र गठ्ठ्यांतला मजकूर शिकवण्यासाठी खरोखर लागत होता का, हा मुद्दा पुराव्यानिशी तपासायला खालच्या पायरीवर परत पाठवला. ती तपासणी झालीच नाही. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला.