जागा

रात्री साडेबाराच्या सुमारास पॅसेजमध्ये गिरणीतून सुटलेल्या बाबांच्या चपलांचा आवाज यायचा. दार नुसतं लोटलेलं असे. डबा मोरीत ठेवून ते पाय धूत आणि माझ्या खांद्याला हात लावून हळूच म्हणत, "ऊठ बाय, जागा दे." मी उठायची आणि माझ्या उबदार वाकळेवर ते आडवे व्हायचे. पाच मिनिटांत त्यांचा डोळा लागे. मग मी मोरीच्या कठड्यावर बसून पंचवीसच्या बल्बला वर्तमानपत्राची टोपी घालायची, म्हणजे उजेड फक्त माझ्या वहीवर पडे. आमची खोली एकशे साठ चौरस फुटांची आणि झोपणारी माणसं नऊ. बी. ए. चा माझा अभ्यास झाला तो या अदलाबदलीत.

आमच्या वरळीच्या बीडीडी चाळी ब्रिटिश सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० नंतरच्या काही वर्षांत बांधल्या. वरळीत १२१ इमारती, तळमजला आणि वर तीन मजले, एकेका इमारतीत ८० खोल्या. मध्ये लांब पॅसेज, दोन्ही बाजूंना दारं, संडास टोकाला. सविनय कायदेभंगाच्या काळात यातल्या काही इमारतींचा तुरुंग करून तिथे सत्याग्रही ठेवले होते. माणूस मावेल इतकीच जागा, हा हिशेब बांधणाऱ्यांनी केला होता. त्या माणसाचं मूल एक दिवस पदवीच्या परीक्षेला बसेल, हे त्या हिशेबात कुठेच नव्हतं.

आणि तिकडे विद्यापीठाच्या हिशेबात घर नव्हतं. १८ जुलै १८५७ ला मुंबई विद्यापीठ स्थापन झालं ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. शिकवायचं कॉलेजांनी, विद्यापीठाने अभ्यासक्रम ठरवायचा, परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. रानडे, भांडारकर, मोडक, वागळे ही पहिल्या पदवीधरांची तुकडी १८६२ ची. तेव्हापासून आपल्याकडे विद्यापीठ म्हणजे परीक्षा असं समीकरण बसलं. आमच्या चाळीत तर "विद्यापीठाचा पेपर" एवढ्यापुरताच तो शब्द ऐकू येई. विद्यापीठ सीट नंबर देतं, प्रश्नपत्रिका देतं, आणि त्या तीन तासांच्या आधीचे शेकडो तास कुठे बसून, कुणाच्या उजेडात काढायचे, ते ज्याचं त्याने पाहायचं. या मुंबईत तो प्रश्न सोडवला आईबापांनी, शेजाऱ्यांनी आणि रस्त्यावरच्या दिव्यांनी. अभ्यासाच्या सवयींचा इतिहास मला तिथे सापडतो.

मुलग्यांसाठी गल्ली होती. पोदार रुग्णालयाजवळचा तो शांत, झाडांचा रस्ता. पाटीवर सुदाम काळू अहिरे मार्ग असं नाव आहे, पण वरळीत कुणालाही विचारा, अभ्यास गल्ली म्हणूनच दाखवतील. जेवणं झाली की पोरं चटई नाहीतर पुठ्ठा बगलेत मारून निघत. दिव्याचा खांब ज्याने धरला त्याचा, पण खांबाखाली चौघं सहज बसत. जो पुढच्या वर्गाचा तो मागच्याला गणित समजावून देई, मोबदल्यात चहा. पाठांतर करणारा गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत येरझाऱ्या घाली, कारण बसलं की डुलकी येते. मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका एकाकडे असत आणि त्या सगळ्यांच्या वह्यांत उतरत. पुस्तकं फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरून अर्ध्या किमतीत आणलेली, परीक्षा संपली की पुढच्या मुलाला दिलेली. माझ्या समाजशास्त्राच्या पुस्तकावर माझ्या आधीची तीन नावं होती.

मुलींना ती गल्ली दिवेलागणीपर्यंतच. संध्याकाळी पाच ते साडेसहा मी आणि माझी मैत्रीण तिथे बसायचो. दिवे लागले की आई मजल्यावरून हाक मारी. म्हणजे ज्या दिव्यांसाठी ती गल्ली प्रसिद्ध, ते दिवे आमच्या वाट्याला कधी आलेच नाहीत. याचं मला तेव्हाही वाईट वाटे, आजही वाटतं. दिव्याखाली शिकलेल्या मोठ्या माणसांच्या गोष्टी आपण मुलांना सांगतो. त्यांच्या बहिणी कुठे बसल्या, हे त्या गोष्टींत येत नाही. त्या बसल्या असतील तर मोरीवर, चुलीपुढे, किंवा सगळे निजल्यावर पॅसेजच्या टोकाला.

मैत्रीण पलीकडच्या बौद्ध इमारतीतली. बाबासाहेब आंबेडकरांच्या अभ्यासाची गोष्ट मला तिने सांगितली. त्यांच्या घरी ती सगळ्यांना तोंडपाठ होती. पुढे धनंजय कीरांच्या चरित्रात मी ती वाचली. परळच्या डबक चाळीत एकच खोली, तिथेच संसार, तिथेच जातं, तिथेच शेळी. त्यांच्या वडिलांनी, रामजी सुभेदारांनी, त्यावर तोड काढली. मुलाला लवकर झोपवायचं आणि स्वतः रात्री दोनपर्यंत जागायचं. दोन वाजता मुलाला उठवायचं आणि मग आपण पाठ टेकायची. उशाला जातं, पायथ्याशी शेळी आणि काच नसलेला मिणमिणता दिवा, अशा अभ्यासावर १९०७ साली मॅट्रिक झाली. ऐकून मी तिला म्हटलं, "आमच्याकडेपण असंच आहे गं." ती म्हणाली, "आमच्याकडेपण." तिचे वडीलही गिरणीतच होते आणि तेही रात्री तिला उठवत.

या उठवण्यामागे गिरणीचं घड्याळ होतं. पहिली पाळी सकाळी सातला, दुसरी साडेतीनला, तिसरी मध्यरात्री बाराला. भोंग्यावर सगळी गिरणगावची वस्ती उठे, जेवे आणि निजे. खोलीतली जागाही पाळीवर चाले: एक कामावर गेला की त्याच्या जागी दुसरा झोपे. पाळी महिन्याने बदलायची. परीक्षेच्या आधी मात्र बाबा जॉबरला, म्हणजे मुकादमाला, सांगून, कधी दुसऱ्याशी अदलाबदल करून, दुसरी पाळी मागून घेत. दुसरी पाळी कुणालाच आवडत नसे, कारण सबंध संध्याकाळ तिच्यात जाते. बाबांनी ती मागितली, कारण ते बाराला सुटले तरच मला साडेबाराला उठवणारं कुणी होतं. घरात गजराचं घड्याळ नव्हतं, आणि असतं तरी ते नऊ जणांना उठवणारं. हात लावून एकालाच उठवता येतं.

घड्याळावरून आठवलं. विद्यापीठाच्या ग्रंथालयावर राजाबाई टॉवर उभा आहे. प्रेमचंद रायचंद यांनी त्यासाठी पैसे दिले आणि आईचं नाव मनोऱ्याला दिलं. काम १८७८ मध्ये पुरं झालं. त्या माउलीला दिसत नसे आणि जैन रिवाजाप्रमाणे सूर्यास्ताआधी जेवायचं, म्हणून तिला वेळ कळावी यासाठी हे टोले, अशी आख्यायिका सांगतात. खरी असो नसो, मला ती फार आवडते. विद्यापीठाच्या एवढ्या दगडी इमारतींमध्ये घरातल्या माणसाची काळजी मला त्या एका घड्याळात दिसते.

माझं शेवटचं वर्ष १९७४ चं. त्या जानेवारीत आमच्या चाळींमध्ये दलित पँथरची सभा झाली आणि त्यानंतर दंगल उसळली. सवर्णांच्या आणि बौद्धांच्या इमारती एकमेकींविरुद्ध उभ्या राहिल्या. गच्च्यांवरून दगड आणि सोडावॉटरच्या बाटल्या, खाली पोलीस, संचारबंदी. धुमसणं कित्येक आठवडे चाललं. अभ्यास गल्ली ओस पडली. मैत्रिणीची इमारत माझ्या खिडकीतून दिसत होती आणि तिथे जाणं अशक्य होतं. माझी अर्थशास्त्राची वही तिच्याकडे आणि तिचे राज्यशास्त्राचे कागद माझ्याकडे अडकले होते.

इथे गिरणीचा थोडा इतिहास सांगायला हवा. साचेखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या खात्यात, पगार जास्त. पण धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून अस्पृश्य कामगारांना त्या खात्यात घेत नसत. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला होता. माझ्या काळात अशी बंदी कुणी उघड बोलत नसे, पण मुलगा बापाच्याच खात्यात लागे, म्हणून फरक टिकून होता. माझे बाबा साचेवाले आणि तिचे वडील सूतखात्यात, थ्रॉसलवर, म्हणजे सूत कातण्याच्या यंत्रावर. एकाच गिरणीत वीस वर्षं काढून दोघांची ओळख मान हलवण्यापुरती.

फेब्रुवारीतल्या एका रात्री बाबा आले, मला उठवलं, आणि डब्याच्या पिशवीतून माझी वही काढून दिली. तिच्या वडिलांनी कॅन्टीनमध्ये येऊन ती दिली होती. दुसऱ्या दिवशी मी तिचे कागद त्याच पिशवीत घातले. महिनाभर असं चाललं. चाळीत भेटता येत नव्हतं, गिरणीत येत होतं. आम्ही एकमेकींना समासात प्रश्न लिहायचो: सीमांत उपयोगिता समजली का, राज्यघटनेचं कलम बत्तीस महत्त्वाचं आहे, झोप येते का. एकदा तिने लिहिलं होतं, आमच्याकडे काल रात्रभर दिवे बंद ठेवले, वाचन शून्य. मी त्या दिवशीची माझी टिपणं दोनदा उतरवली आणि एक प्रत तिला पाठवली. एप्रिलमध्ये परीक्षेच्या केंद्रावर आम्ही तीन महिन्यांनी समोरासमोर भेटलो. दोघी पास झालो. तिचे गुण माझ्याहून जास्त होते.

त्या वह्या गेल्या. चाळीही आता जात आहेत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना पाचशे चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. गल्लीत पालिकेने बाकं आणि दिवे लावले आहेत. मध्यंतरी रात्री नऊला मी मुद्दाम गेले होते, तेव्हा दिव्याखाली मुली बसलेल्या पाहिल्या. मीही एका बाकावर अर्धा तास बसून आले.

तिथे मला बाबांची नंतरची जागरणं आठवली. माझा धाकटा भाऊ १९८२ साली बी. कॉम. च्या शेवटच्या वर्षाला होता. १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर, भोंगे बंद. बाबा त्या जानेवारीपासून रात्रीचे घरीच असत. सगळ्यांबरोबर नऊला निजायचे आणि साडेबाराला आपोआप उठून बसायचे. भावाच्या खांद्याला हात लावायचे. आता त्यांना झोपायला त्याची जागा नको होती. तो मोरीवर जाऊन बसला की बाबा अंगावर चादर घेऊन पॅसेजमध्ये यायचे आणि दाराला पाठ लावून उजाडेपर्यंत बसून राहायचे.