फाल्गुनराव, ऑर्गन आणि साडेनऊची तक्रार

मंडळी, गेल्या रविवारी मुलुंडला एका सोसायटीच्या हॉलमध्ये 'संशयकल्लोळ'ची तालीम बघून आलो. फाल्गुनराव बँकेत नोकरीला, कृत्तिका शाळेत शिकवते, अश्विनशेठ डोंबिवलीहून लोकलने येतो. साडेनऊला ऑर्गन बंद! वरच्या मजल्यावरून तक्रार आली.

हौशी मंडळं फिरून फिरून याच नाटकाकडे का येतात? मला वाटतं, त्याचं कारण नाटकाच्या जन्मातच आहे. गोविंद बल्लाळ देवलांनी हे आधी गद्य लिहिलं होतं, १८९३च्या सुमारास. नाव 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा'. मूळ आर्थर मर्फीचं 'ऑल इन द राँग' हे १७६१चं इंग्रजी नाटक, आणि त्याच्याही मागे फ्रान्सचा मोलियर. देवलांनी माणसांना आपल्या महिन्यांची, नक्षत्रांची नावं दिली आणि परकेपणा पार पुसून टाकला. पदं आली ती १९१६ला, गंधर्व नाटक मंडळीसाठी. बालगंधर्व रेवती, गणपतराव बोडस फाल्गुनराव. देवल त्याच वर्षी जूनमध्ये गेले, संगीत प्रयोग त्यांनी पाहिलाच नाही.

म्हणजे बघा, गाण्यांशिवाय हे नाटक वीस-बावीस वर्षं आधीच उभं होतं. गाणी मुख्यतः रेवती आणि अश्विनशेठच्या वाट्याला, हशा फाल्गुनराव आणि कृत्तिकेच्या. दोन गळे तयार मिळाले की बाकी नट घेऊन भागतं. 'सौभद्र' किंवा 'मानापमान' करताना अशी सवलत नाही. आणि हौशीपणाचं म्हणाल, तर १८८०ला 'शाकुंतल' बसवणारे अण्णासाहेब किर्लोस्करही तेव्हा पुण्यात सरकारी कचेरीत नोकरीच करत होते.

पण एक अडचण या सोयीच्या नाटकातही सुटत नाही. ती म्हणजे ऑर्गन. फाल्गुनरावाचा संशय शिगेला पोचलेला असताना पद सुरू होतं. तिथे स्वर क्षणभर उशिरा आला की प्रेक्षकांचं हसू विरलंच म्हणून समजा. कीबोर्डवर बटण दाबून हे जमत नाही, वाजवणाऱ्याला संवाद पाठ लागतात. या मंडळाचे वादक सत्तरी ओलांडलेले आहेत, बोटं दुखतात म्हणून मधे मधे गरम पाण्याची पिशवी घेऊन बसतात. त्यांच्या हाताखाली शिकणारं आज कुणीच नाही. रेवतीसाठी मात्र चार मुली रांगेत उभ्या आहेत!

तालीम संपल्यावर ते मला म्हणाले, "पेपरात माझं नाव नको, जाहिरात टाका." म्हणून टाकतोय. मुलुंड, भांडुप, घाटकोपर, कुठेही पेटी वाजवणारं तरुण कुणी असेल तर मला मेसेज करा. रविवारी संध्याकाळी पाच ते साडेनऊ. चहा मंडळाचा.