स्वाइन फ्लूचा विषाणू ‘बदलतो’ म्हणजे नेमके काय होते?

पावसाळ्यात तापाचे रुग्ण वाढले की एक प्रश्न हमखास येतो: "डॉक्टर, यंदा स्वाइन फ्लूचा विषाणू बदललाय म्हणे, मग जास्त धोका आहे का?" विषाणू बदलणे आणि तो अधिक घातक होणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

इन्फ्लुएन्झा ‘ए’ विषाणूची जनुकीय माहिती आरएनएच्या आठ सुट्या तुकड्यांत असते. त्यांच्या प्रती काढताना चुका होतात आणि त्या दुरुस्त करण्याची सोय या विषाणूकडे नाही. त्यामुळे त्यात किरकोळ बदल सतत होत राहतात. फ्लूची लस दरवर्षी नव्याने घ्यावी लागते, त्याचे हे एक मोठे कारण.

दुसरा बदल मोठा असतो. डुकराच्या श्वसनमार्गात पक्ष्यांचे आणि माणसांचे, दोन्हींचे फ्लू विषाणू शिरू शकतात. एकाच पेशीत दोन विषाणू शिरले तर त्यांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन तिसराच विषाणू तयार होतो. पत्त्यांचे दोन कॅट एकत्र पिसल्यासारखे. २००९ चा एच१एन१ असाच बनला. त्याचे सहा तुकडे उत्तर अमेरिकेतील डुकरांमध्ये फिरणाऱ्या विषाणूचे होते. तो विषाणू स्वतःच पक्षी, माणूस आणि डुक्कर यांच्या विषाणूंच्या मिश्रणातून आलेला. उरलेले दोन तुकडे युरोप-आशियातील डुकरांच्या विषाणूचे. त्यांपैकी एकाबरोबर अमान्टाडिन या जुन्या औषधाला दाद न देण्याचा गुणही आला. म्हणून हे औषध आता आम्ही फ्लूसाठी देत नाही, ओसेल्टामिविर देतो.

हा विषाणू नवा असल्याने बहुतेकांच्या शरीरात त्याविरुद्ध प्रतिकारशक्ती नव्हती. ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात भारतातील पहिला मृत्यू झाला, तेव्हाची घबराट अनेकांना आठवत असेल. मात्र विषाणू नवा असूनही बहुसंख्य रुग्ण घरीच बरे झाले.

मग काही जण अत्यवस्थ का होतात?

याचे उत्तर काही वेळा विषाणूत सापडते. नॉर्वेमध्ये २००९ साली काही गंभीर रुग्णांच्या विषाणूत एका प्रथिनातील एकच घटक बदललेला आढळला. या बदलामुळे विषाणू नाक-घशाऐवजी खोल फुप्फुसातील पेशींना अधिक सहज चिकटू शकतो. पण तिथल्याही बहुतेक गंभीर रुग्णांत हा बदल नव्हता. प्रत्यक्षात गरोदरपण, मधुमेह, दमा, हृदयविकार, जास्त लठ्ठपणा, वयाची दोन्ही टोके आणि उपचाराला झालेला उशीर, याच गोष्टी वारंवार दिसतात. नेहमीच्या आरटी-पीसीआर अहवालात विषाणूचा प्रकार कळतो, तो किती घातक आहे हे कळत नाही. अहवालातला आकडा पाहून नातेवाइकांनी अंदाज बांधत बसू नये.

डुकराचे नाव चिकटल्यामुळे आणखी एक गैरसमज टिकून आहे. हा आजार आता माणसाकडून माणसाला होतो. नीट शिजवलेल्या मांसातून होत नाही. ‘आफ्रिकन स्वाइन फीव्हर’ तर पूर्णपणे वेगळा रोग आहे. तो २०२० मध्ये ईशान्य भारतात आढळला. त्याच्या काही उपप्रकारांनी जवळजवळ सगळी बाधित डुकरे मरतात, तर काहींनी आजार इतका सौम्य होतो की लवकर लक्षातही येत नाही. माणसाला तो होत नाही.

वर सांगितलेल्या जोखमीच्या गटातील व्यक्तीला ताप, खोकला, अंगदुखी सुरू झाली तर पहिल्या ४८ तासांतच डॉक्टरांना दाखवा. ओसेल्टामिविरचा सर्वाधिक उपयोग याच काळात होतो. धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर पडणे, थुंकीतून रक्त, गुंगी, लहान मूल दूध-पाणी न घेणे, किंवा ताप उतरून पुन्हा चढणे, यांपैकी काहीही दिसले तर घरी थांबू नका, थेट रुग्णालयात जा.