कोरफड, काळा बोळ आणि सारंगखेड्याचे घोडे

दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्यात घोड्यांचा बाजार भरतो, रील्समध्ये पाहिला असेलच. आज घोड्याच्या चालीबद्दल नाही, पोटाबद्दल बोलू.

कोरफडीचं पान कापलं की सालीलगत पिवळा, कडूजहर चीक येतो. तो आटवून वाळवला की झाला काळा बोळ. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश घोडदळात घोड्याला जुलाब द्यायचा तर याचीच गोळी घशात सारायचे. 1886 मध्ये परळला पशुवैद्यकीय कॉलेज सुरू झालं, तेव्हा हे आजीच्या बटव्यातलं नाही, तर चक्क डॉक्टरांचं औषध होतं! मात्रा जास्त झाली की घोडा जुलाबाने मरायचासुद्धा.

गायीची गोष्ट वेगळी. कासदाहावर राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ आजही 250 ग्रॅम कोरफड, 50 ग्रॅम हळद, 15 ग्रॅम चुना असा लेप सांगतं. पण तो कासेवर, बाहेरून.

आणि आपण? कुत्र्याच्या खरजेवर सालीसकट पान चोळतो. तो ते चाटणारच ना! मग उलट्या, जुलाब. घोड्याला मुद्दाम द्यायचे, तेच आपण नकळत देतो.