स्पेनमधील पाहुणचार : सराईपासून राजवाड्यापर्यंत

स्पेनच्या साहित्यांतील सर्वांत विख्यात प्रवासी म्हणजे डॉन किहोटे. इ. स. १६०५ सालीं प्रसिद्ध झालेल्या सर्व्हँटिसच्या कादंबरीचा हा नायक घराबाहेर पडल्यावर पहिल्याच रात्रीं रस्त्याकडेच्या एका सराईला किल्ला समजतो, सराईवाल्याला किल्लेदार मानतो आणि त्याच्याच हातून वीरपदाची दीक्षा घेतो. त्या काळच्या वाचकाला यांतील विनोद समजावून सांगण्याची गरज नव्हती. सराई म्हणजे काय वस्तु आहे हें त्याला अनुभवानें ठाऊक होतें. परंतु इतिहासाची गंमत अशी कीं, तीनशें वर्षांनंतर याच देशांत खऱ्याखुऱ्या किल्ल्यांच्या, मठांच्या आणि इस्पितळांच्या सराया झाल्या. किहोटेचा भ्रम सरकारनें सत्यांत उतरविला म्हणावयाचें! हा पालट कसा झाला आणि त्याची किंमत कोणी दिली, हें पाहणें बोधप्रद आहे.

पाहुण्याची सोय लावण्याची विद्या स्पेनमध्यें मूळची अरबांची. ग्रानादा शहरांत चौदाव्या शतकांतील व्यापाऱ्यांची एक सराई आजहि उभी आहे. मध्यें मोकळा चौक, चौकांत पाण्याचें कुंड, भोंवतीं तीन मजले. खालीं माल ठेवावयाचा आणि वर मालकानें झोंपावयाचें. पुढें तेथें कोळशाची विक्री होऊं लागली, म्हणून तिला ‘कोळशाचा वाडा’ असें नांव पडलें. अशा सराईला अरबी भाषेंत ‘फुंदूक’ म्हणत. त्यावरूनच खाणावळवजा वसतिगृहाला स्पॅनिशमध्यें ‘फोंदा’ हा शब्द आला.

शब्दांबरोबर अन्नहि आलें. स्पॅनिश माणूस साखरेला ‘आसूकार’ म्हणतो. तो शब्द अरबी ‘सुक्कर’ यावरून आला आणि त्याचें मूळ आपल्या ‘शर्करे’त आहे. सेव्हिलच्या रस्त्यांवर ज्या कडवट संत्र्यांची झाडें ओळीनें उभीं आहेत, त्या फळाचें ‘नारांखा’ हें नांव आणि आपलें ‘नारिंग’ हे एकाच घराण्यांतले शब्द होत. वांग्याचेंहि तसेंच. व्हॅलेन्सियाच्या पाणथळ शेतांतील तांदूळ, ज्याचा ‘पाएल्या’ हा जगप्रसिद्ध भात होतो, तोहि अरबांनींच तेथें रुजविला. मग १४९२ नंतर अमेरिकेची वाट उघडली आणि टोमॅटो, मिरची, बटाटा व चॉकोलेट हे नवे पाहुणे स्पॅनिश स्वयंपाकघरांत शिरले. ‘गास्पाचो’ नांवाचें थंडगार सार पूर्वी शिळी पोळी, लसूण, तेल आणि शिरका यांचेंच असे. टोमॅटोचा लाल रंग त्याला मागाहून चढला. त्याच अमेरिकेकडील बटाटा पोर्तुगीजांच्या हातून आपल्याकडे आला आणि आपलें नांवहि बरोबर घेऊन आला.

असें समृद्ध अन्न देशांत असतां सराईंत मात्र प्रवाशाला उपाशी राहण्याची पाळी येई. याचें कारण आळस नव्हे, कायदा होता. मांस, मद्य वगैरे विकण्याचा हक्क त्या त्या धंद्याच्या संघाकडे असे; सराईवाल्यानें तें विकणें म्हणजे दुसऱ्याच्या पोटावर पाय देणें. म्हणून पाहुण्यानें शिधा आणावा आणि सराईवाल्यानें शिजवून द्यावा, अशी रीत पडली. ‘खावयास काय आहे ?’ असें विचारल्यास ‘सर्व कांहीं आहे’ असें उत्तर मिळे. त्याचा खरा अर्थ ‘तुम्हीं जें आणलें असेल तें सर्व’ असा घ्यावयाचा, हें प्रवासी लवकरच शिकत. माद्रिदमधील बोतिन या प्रसिद्ध भोजनगृहाची भट्टी १७२५ पासूनची सांगतात. तीहि आरंभीं पाहुण्यांनीं आणलेलें मांसच भाजून देई. १८३० ते १८३३ पर्यंत स्पेनमध्यें राहिलेला इंग्रज लेखक रिचर्ड फोर्ड यानें १८४५ सालीं प्रवाशांसाठीं जाडजूड मार्गदर्शिका प्रसिद्ध केली, तिच्यांतहि शिदोरीची तरतूद आधीं करण्याचा उपदेश आहे.

तरीहि परदेशी माणसें येतच राहिलीं. अमेरिकन लेखक वॉशिंग्टन आयर्व्हिंग १८२९ सालीं ग्रानादाच्या आलांब्रा राजवाड्यांतच राहिला. त्या ओसाड दालनांतील दंतकथांचें त्याचें पुस्तक १८३२ सालीं निघालें आणि आलांब्राची कीर्ति सर्वत्र पसरली. १८४८ सालीं बार्सेलोना ते मातारो ही मुख्य भूमीवरील पहिली आगगाडी सुरू झाली. माद्रिदचें प्रादो चित्रसंग्रहालय तर १८१९ पासूनच उघडें होतें. पाहण्यासारखें पुष्कळ होतें, निजण्याजोगें थोडें.

ही उणीव १९०६ सालीं साऱ्या युरोपच्या नजरेस आली. राजा तेरावा आल्फोन्सो याच्या विवाहास देशोदेशींचे राजपुत्र आले. ३१ मे रोजीं वरातीवर बाँब पडला, अनेक लोक ठार झाले आणि राजदंपती थोडक्यांत वांचलें. त्या दुःखाबरोबर दुसरी एक लाज राजाच्या मनांत राहिली : इतक्या थोर पाहुण्यांना उतरविण्याजोगें एकहि हॉटेल राजधानींत नव्हतें. त्यांतूनच १९१० सालीं ‘रिट्झ’ आणि १९१२ सालीं त्याच्याच समोर ‘पॅलेस’ अशीं दोन भव्य हॉटेलें प्रादोच्या परिसरांत उभीं राहिलीं. १९११ सालीं सरकारनें प्रवासी खातेंहि काढलें आणि मार्किस दे ला व्हेगा-इन्क्लान या रसिक सरदाराकडे तें सोंपविलें. त्याच्याच प्रेरणेनें १९२८ सालीं ग्रेदोस पर्वतांत पहिला ‘पारादोर’, म्हणजे सरकारी विश्रामगृह, उघडलें. पुढचीं विश्रामगृहें नवीं बांधण्याऐवजीं जुन्या वास्तूंत थाटावीं, ही कल्पना मग रुजली. पडके किल्ले सावरले जाऊं लागले आणि दूरच्या गांवांना पाहुणे मिळूं लागले.

इतक्यांत १९३६ सालीं यादवी युद्ध पेटलें. माद्रिदचीं तीं दोनहि आलिशान हॉटेलें जखमी सैनिकांचीं इस्पितळें झालीं. अराजकवादी पुढारी दुरुती यानें त्याच वर्षीं नोव्हेंबरांत रिट्झमध्येंच प्राण सोडला. प्रादोमधील अमोल चित्रें लॉऱ्यांतून प्रथम व्हॅलेन्सियाला आणि अखेर जिनीव्हाला न्यावीं लागलीं. फ्रँकोच्या ताब्यांतील मुलखांत हॉटेलांना ठराविक दिवशीं एकच पदार्थ वाढण्याचा हुकूम झाला; पैसे मात्र पुऱ्या जेवणाचे घ्यावयाचे आणि फरक मदतनिधींत भरावयाचा. युद्ध १९३९ सालीं संपलें, भूक संपली नाहीं. भाकरी, तेल, साखर यांचें रेशनिंग १९५२ पर्यंत चाललें. याच उपासमारीच्या काळांत, १९४५ सालीं, आलांब्राच्या आवारांतील सान फ्रान्सिस्को मठांत सुंदर पारादोर उघडला. इसाबेला राणीचा देह ज्या मठांत प्रथम विसावला, तेथें पाहुण्यांचीं पानें मांडलीं जात होतीं आणि देशांतील सामान्य गृहिणी रेशनच्या चिठ्ठ्या मोजीत होती. स्पॅनिश पाहुणचाराच्या इतिहासांतील हें पान उलटून पुढें जाणें न्यायाचें होणार नाहीं.

या सर्वांत उठून दिसणारी वास्तु सांतियागो दे कोंपोस्तेला येथील होय. दूरदूरच्या देशांतून पायीं येणाऱ्या यात्रेकरूंसाठीं फर्नांदो आणि इसाबेला यांनीं १४९९ सालीं तेथें इस्पितळ बांधविण्याचें ठरविलें. थकलेल्या, आजारी यात्रिकाला तेथें अंथरूण आणि अन्न मिळे. १९५४ सालीं त्याचें उंची हॉटेल झालें. चार चौक आणि कोरीव दरवाजा जतन झाला, हा मोठाच लाभ. परंतु ज्या फाटक्या यात्रिकासाठीं तो दरवाजा कोरला, त्याला आज खोलीचें भाडें परवडणार नाहीं.

आजच्या प्रवाशाला स्पॅनिश शहर जें सुख देतें, तें बहुतेक रस्त्यावरच मिळतें. सायंकाळीं ऊन उतरल्यावर आबालवृद्ध चौकांत फिरावयास निघतात. उभ्याउभ्यानें ‘तापास’ म्हणजे लहानशा बशींतील खमंग पदार्थ चाखीत एका दुकानांतून दुसऱ्यांत जावयाचें, हाच अर्धा फराळ. रात्रीचें जेवण नवाच्या पुढें. १९४० सालीं फ्रँकोनें घड्याळें एक तास पुढें केलीं, तीं पुन्हा मागें आलींच नाहींत. तेव्हां या उशिराचें थोडें श्रेय घड्याळालाहि द्यावें लागतें.

परंतु पाहुण्यांची संख्या आतां कल्पनेपलीकडे गेली आहे. १९६० सालीं सुमारें साठ लाख परदेशी प्रवासी आले. १९७३ मध्यें तीन कोटींहून अधिक, आणि २०२४ मध्यें सुमारें ९ कोटी ४० लाख. देशाची लोकसंख्या मात्र पांच कोटींच्या आंतच आहे. प्रवाशांना भाड्यानें देण्यांत अधिक पैसा, म्हणून घरें त्यांच्याकडे वळलीं आणि रहिवाशांचीं भाडीं कडाडलीं. जुलै २०२४ मध्यें बार्सेलोनांत मोर्चे निघाले. कांहीं निदर्शकांनीं उपाहारगृहांत बसलेल्या प्रवाशांवर खेळण्यांतल्या पिचकाऱ्यांनीं पाणी उडविलें. २०२८ च्या अखेरीपर्यंत प्रवाशांसाठीं दिलेल्या दहा हजारांवर घरांचे परवाने बंद करण्याचें त्या नगरानें जाहीर केलें आहे.

ज्या देशांत एके काळीं पाहुण्याला शिधा बरोबर आणावा लागे, त्या देशांत आज यजमानालाच आपल्या गांवांत जागा मागावी लागत आहे. पाहुणचार हा दोघांचा व्यवहार आहे. एकाची सोय दुसऱ्याची गैरसोय झाली कीं त्यांतलें आतिथ्य जातें आणि नुसतें भाडें उरतें. सराईला राजवाडा करण्याचें काम स्पेननें उत्तम साधलें. राजवाड्याशेजारच्या गल्लींत राहणाऱ्याचें घर त्याला राखून ठेवणें, हें त्याहून अवघड काम आतां त्याच्यापुढें आहे.