जात्यावरची ओवी आणि मुक्तीची ओढ

आफ्रिकेंतून गलबतांत कोंबून अमेरिकेंत नेलेल्या गुलामांनीं कापसाच्या शेतांत गाइलेल्या गीतांचा गौरव आज जगभर होतो. एकानें चरण उचलावा, इतरांनीं तो झेलावा, अशी त्यांची रीत. मावळांत जात्यावर बसलेल्या दोघीहि असेंच गात. १८६३ सालीं बोरघाटांतून आगगाडी धांवूं लागली, लोणावळें हवा खाण्याचें ठिकाण झालें. परंतु डब्यांतून खंडाळ्याची शोभा पाहणारांच्या कानीं हा पहाटेचा सूर पडला नाहीं.

मावळची सून बाजारांत विकत घेतलेली नव्हती, म्हणून ही तुलना बेतानेंच करावी. तरीहि आपल्या श्रमावर, माहेरीं जाण्यावर, पोटच्या मुलीच्या लग्नावर जिची सत्ता नाहीं, तिच्या जिण्यास स्वातंत्र्य कोण म्हणेल? सासूपुढें जें बोलतां येत नसे तें ती जात्यास सांगे. घरघरींत तें खपून जाई. मुलीचा जन्मच कां दिलास, असें आईस विचारणाऱ्या ओव्या थोड्या नाहींत.

हेमा राईरकर व गी पॉइट्वाँ यांनीं १९८० नंतरच्या काळांत पुणें जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगरी गांवांपासून आरंभ करून महाराष्ट्रांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत दलित स्त्रियांनीं बाबासाहेब आंबेडकरांवर गाइलेल्याहि आहेत. तेथें गाऱ्हाणें मागें पडतें आणि हक्काची भाषा सुरू होते.

गांवांत पिठाची गिरणी आली, जातें थांबलें, ओवीहि थांबली. याबद्दल हळहळणारे शहरांत पुष्कळ भेटतात. त्यांनीं एकदां पहाटे उठून पायलीभर नाचणी दळून पाहावी.